सांबार चिरायचा असतो

काकूंनी मला बोलावलं होतं ते कूलरसाठी. एप्रिलचा दुसरा आठवडा, पारा ४२ च्या वर, आणि त्यांचा कूलर नुसता कोरडा वारा फेकत होता. पंपात कचरा अडकलेला. तो काढला, पाणी चढलं, खस ओली झाली, खोलीभर वास पसरला. मग काकू म्हणाल्या, "आता हे पण पाहून दे नं," आणि फोन पुढे केला.

फोनवर एक कथा होती. नऊशेच्या आसपास शब्द, शीर्षकासकट. नातवाने त्यांच्या फोनवर एआयचा लेखन-सहायक चालू करून दिला होता आणि काकूंनी त्याला एका ओळीत काम सांगितलं होतं: "गिरणी कामगाराच्या मुलीची भावनाप्रधान कथा लिहा." दोन मिनिटांत कथा तयार. काकू त्यावर खूशही नव्हत्या आणि नाराजही नव्हत्या. "चांगलं लिहिते ते," म्हणाल्या. "पण हे माझं नाही वाटून राहिलं."

मी भाषांतराची कामं करतो आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात लिहू पाहणाऱ्या पाच-सहा जणांसोबत बसतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचं कारण एवढंच की त्यानंतरच्या काही महिन्यांत असाच फोन पुढे करणारे आणखी चार जण भेटले. चौघंही नागपूरचे. चौघांच्याही कथेत कुठे ना कुठे समुद्र होता.

काय लिहायचं होतं

काकू ६२ वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. आयुष्यात पत्रं सोडून काही लिहिलेलं नाही. वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते, घर बेझनबागेत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: ही मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं, म्हणून नाव एम्प्रेस. बेझनबागेचं नाव मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून पडलं. मिल बंद पडून गेली, तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. काकू तिथे जात नाहीत. "चपला घ्यायला मिलमध्ये कोण जाते?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांना दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायची होती. काळ १९७२, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. नऊ वर्षांची मुलगी, मिलमध्ये जाणारा बाप, माय, आणि मधोमध मारबतीची, म्हणजे पीडा घालवणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक. अंकाची मुदत जुलैअखेर. म्हणजे हातात साडेतीन महिने होते आणि मजकूर शून्य.

यंत्राने मुंबई आणली

पहिल्या कथेतला एक उतारा काकूंच्या परवानगीने देतो:

"चाळीच्या गॅलरीत उभी राहून ती भोंग्याची वाट पाहत असे. समुद्रावरून येणारा खारा वारा तिच्या केसांशी खेळत होता. बाबांच्या खोकल्याचा आवाज आज जरा जास्तच खोल वाटत होता."

पुढे लालबाग येतं, गणपती येतो, आणि मग १९८२ चा संप. तो संप डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुरू झाला, ही माहिती यंत्राने बरोबर दिली होती. पण मुंबईतला तो संप काकूंच्या बापाच्या गळ्यात, तोही दहा वर्षं आधी, बांधून त्याने मोकळं व्हायचं ठरवलं.

याला चूक म्हणावं का, यावर आमचा शनिवारी वाद झाला. माझं मत: नाही. हे सहायक पुढचा शब्द निवडतात तो आधी वाचलेल्या अफाट मजकुरात अशा शब्दांमागे काय येत आलं आहे त्यावरून. मराठीत गिरणी कामगारांवर जे छापलं गेलं त्यातलं बहुतेक सगळं गिरणगावाबद्दलचं. 'गिरणी' हा शब्द टाकला की त्याच्या शेपटीला बांधून चाळ, लालबाग, संप आणि समुद्र येणारच. काकूंनी नागपूर लिहिलं नव्हतं, कारण त्यांच्या मनात दुसरं गाव असण्याची शक्यताच नव्हती. जिथे त्या गप्प राहिल्या तिथे यंत्राने मुंबई भरली.

शिवाय 'गिरणी' हा शब्दही काकूंचा नव्हता. आमच्याकडे मिल म्हणतात. एम्प्रेस मिल, मॉडेल मिल. गिरणी हा शब्द त्यांनी वापरला तो 'कथेत शोभेल' म्हणून. पुढच्या खेपेला त्यांनी फक्त तेवढाच शब्द बदलला, आणि खारा वारा गेला. खोकला राहिला. त्यानंतरच्या प्रत्येक मजकुरात मिलमधला बाप खोकतच होता. या खोकल्याकडे पुन्हा यायचं आहे.

माझी चूक, मग संत्र्याची झाडं

इथे मी मदतीला धावलो आणि काम बिघडवलं. इंटरनेटवर अशा सहायकांना द्यायच्या तयार सूचना मिळतात. तशी एक लांबलचक सूचना मी मराठीत करून काकूंना दिली. सुरुवात अशी: "तू एक पुरस्कारप्राप्त मराठी कादंबरीकार आहेस. संवेदनशील, चित्रमय भाषेत लिही. नागपूरची पार्श्वभूमी जिवंत कर." आज ते वाक्य वाचताना लाज वाटते. 'चित्रमय' म्हटल्यावर प्रत्येक वाक्याला एक उपमा चिकटली. रात्र 'काळ्या मखमलीसारखी', बापाचे हात 'जुन्या झाडाच्या सालीसारखे', शांतता 'गोठलेली'. पुरस्काराचा असा परिणाम होत असेल तर न मिळालेलाच बरा.

आणि नागपूर जिवंत झालं ते सहलीला आलेल्या माणसाचं. बेझनबागेत संत्र्याची झाडं. मुलगी शाळेत जाताना झिरो माईलच्या दगडाजवळून जाते, परत येताना दीक्षाभूमीवरून, आणि सकाळी घरी तर्री पोहे. पत्ता माहीत असलेल्या कोणालाही विचारा, नऊ वर्षांची पोट्टी इतकं चालेल का. वर घरात टीव्ही. मुंबईचं दूरदर्शन केंद्रच २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि आमची कथा सुरू होते सप्टेंबरात, तीही नागपुरात, मजुराच्या घरात.

ही टीव्हीची चूक काकूंच्या लक्षातच आली नाही, ती मी पकडली. संत्र्याची झाडं मला खटकली नाहीत, ती त्यांनी पकडली. त्या हसत सुटल्या. "अरे, संत्री आम्ही बाजारातून आणायचो. ते पण फुटकी, स्वस्तातली." यंत्राने दिलेल्या सगळ्या तपशिलांमध्ये कथेला लागणारी एकच गोष्ट त्या दिवशी निघाली, ती म्हणजे ही फुटकी संत्री, आणि ती काकूंकडून निघाली.

सांबार

मे महिन्यात काकूंनी पवित्रा बदलला. आता त्या स्वतः एकेक प्रसंग लिहायच्या, बहुतेक वेळा फोनला बोलून, आणि सहायकाला फक्त 'शुद्धलेखन बघ, भाषा नीट कर' म्हणायच्या. ऐकायला ही अगदी निरुपद्रवी विनंती वाटते. प्रकरणातलं सर्वात मोठं नुकसान इथेच झालं.

काकूंनी लिहिलं होतं: "माय सांबार चिरून राहिली होती. आलू उकडले होते." नीट होऊन आलं ते असं: "आई स्वयंपाकघरात होती. चुलीवर सांबाराला मंद उकळी आली होती. बटाटे शिजले होते."

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीच्या सारणाची तळलेली वडी. तो चिरायचा असतो, त्याला उकळी येत नाही. यंत्राला 'सांबार' आणि 'चिरणे' यांचा मेळ लागेना, तेव्हा त्याने चिरणं काढून टाकलं आणि बेझनबागेतल्या चुलीवर इडलीसोबतचं सांबार ठेवलं. पटकन वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटलं असतं. वाक्य व्याकरणात चोख होतं.

माय आई झाली. आलू बटाटे झाले. आणि 'चिरून राहिली' गायब. ही 'करून राहिली, येऊन राहिला' ही रचना नागपूरच्या बोलण्याचा कणा आहे, आणि तिचं हिंदीतल्या 'कर रही है'शी असलेलं नातं लपत नाही. नागपूर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी, मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची. कचेरीत आणि बाजारात हिंदी कायम शेजारी बसलेली. यंत्राला मात्र ते 'हिंदीच्या प्रभावामुळे झालेली चूक' वाटतं. तसं त्याने एकदा टिपणीत लिहिलंही, अत्यंत नम्रपणे. काकू अर्धा दिवस अस्वस्थ होत्या. साठ वर्षं आपण चुकीचं बोललो की काय, असं त्यांना वाटायला लागलं. तिसरी-चौथीत बाईंनी हातावर पट्टी मारली होती ती याच शब्दांसाठी, हेही त्याच दिवशी कळलं.

मग मी सुचवलं की सांगून टाका, संवाद वऱ्हाडीत हवेत. हाही सल्ला अर्धवटच होता. वऱ्हाडी म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा या बाजूची बोली, नागपूरचं बोलणं तिच्या जवळचं पण तंतोतंत ते नव्हे. आणि यंत्राच्या लेखी 'वऱ्हाडी' म्हणजे 'ग्रामीण', आणि ग्रामीण म्हणजे कुठलंही. मायच्या तोंडी आलं: "अगं पोरी, व्हय की, ये की गं आत!" हे कोल्हापूरकडचं झालं. काकूंची माय म्हणायची, "काऊन उभी हाय वं दारात? आत ये नं."

यावर जो उपाय लागू पडला तो साधा होता. बोलीचं नाव घेणं बंद केलं. काकूंनी मायच्या तोंडची, आठवतील तशी, चौदा वाक्यं लिहून काढली. भांडणाची, लाडाची, पैसे मोजतानाची. ती वाक्यं सहायकाला देऊन सांगितलं: "ही व्यक्ती असं बोलते. हे शब्द आणि ही रूपं बरोबर आहेत, बदलू नकोस. मी पुढे देईन त्या मजकुरात फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं तपास. शब्द बदलायचाच असेल तर बदलू नकोस, खाली वेगळा लिहून दाखव." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. 'भाषा नीट कर' म्हणजे काय ते यंत्र स्वतः ठरवतं. 'बदलू नकोस, दाखव' म्हटल्यावर ठरवण्याचं काम आपल्याकडे परत येतं. तरीही दर तीन-चार पानांमागे एखादी माय आई होऊन यायचीच. काकूंनी त्यासाठी युक्ती काढली: मजकूर परत आला की आधी 'आई' हा शब्द शोधायचा.

वही

जूनमध्ये नवी अडचण आली. पाचव्या प्रसंगात मुलीचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता, सातव्यात तो मोठा भाऊ झाला. बापाची रातपाळी आठवड्यातून दोनदा दिवसपाळी झाली. काकूंना वाटलं यंत्र थकलं.

यंत्र थकत नाही, पण त्याच्यासमोर एका वेळी मावेल तितकाच मजकूर त्याला दिसतो. संभाषण लांबत गेलं की सुरुवातीचं नजरेआड होतं किंवा त्याचा प्रभाव पातळ होतो, आणि नवं संभाषण उघडलं की, वेगळी सोय चालू केलेली नसेल तर, पाटी कोरी. त्यात मराठीचा एक जास्तीचा भुर्दंड आहे. हे सहायक मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करून वाचतात, आणि इंग्रजीतल्या एका पानाला जितके तुकडे लागतात त्याहून देवनागरीतल्या तेवढ्याच पानाला साधारणपणे जास्त लागतात. म्हणून जागा लवकर भरते, आणि फुकटातली रोजची मर्यादाही लवकर संपते. काकूंची ती दुपारी चारपर्यंत संपायची. त्यानंतर त्या चहा ठेवायच्या.

कथालेखनासाठीच बनवलेल्या साधनांमध्ये या अडचणीची तोड आधीपासून आहे. नॉव्हेलएआयमध्ये 'लोरबुक' असतं: प्रत्येक पात्राची, जागेची नोंद करून ठेवायची, आणि त्या नोंदीचा खुणेचा शब्द मजकुरात आला की ती नोंद आपोआप यंत्रासमोर ठेवली जाते. कायम समोर असावी अशी माहिती 'मेमरी'त. सुडोराइटमध्ये 'स्टोरी बायबल' आहे. काम दोन्हीकडे सारखंच. पण ही साधनं प्रामुख्याने इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी घडलेली, तेव्हा आम्ही त्या वाटेला गेलो नाही. साध्या गप्पांच्या सहायकालाच हातची वही करून दिली. दोन पानं, दर वेळी काम सुरू करताना सर्वात आधी चिकटवायची. त्यातला काही भाग:

"काळ १९७२, पोळा ते दसरा. पावसाने दगा दिलेला, धान्य महाग. टीव्ही नाही. रेडिओ आमच्याकडे नाही, शेजारी आहे, नागपूर आकाशवाणी लागते. समुद्र कुठेही नाही. बाबा साचे खात्यात, एक आठवडा रातपाळी, एक आठवडा दिवसपाळी. धोटा लागून डाव्या हाताच्या करंगळीचं नख गेलेलं. रागावत नाहीत, गप्प होतात. खोकत नाहीत. माय म्हणजे माय, आई लिहायचं नाही. सांबार म्हणजे कोथिंबीर. संत्र्याची झाडं नाहीत. कोणी रडत असेल तर मी सांगीन."

'खोकत नाहीत' हे काकूंनी लाल शाईने लिहिलं होतं. फोनवर चिकटवताना लाल शाई जात नाही हे मी सांगितल्यावर त्यांनी ते वाक्य दोनदा लिहिलं.

या वहीबद्दल मला एक गोष्ट उशिरा कळली. ती आम्ही यंत्रासाठी करत होतो, पण एका शेजाऱ्याने दुसऱ्याला कधीच न सांगितलेल्या गोष्टी त्यात येत गेल्या. बेझनबागेत वाढलेल्या माणसाला कोण सांगतं की घरात रेडिओ नव्हता? करंगळीचं नख मी काकूंकडून वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. ते वहीत आलं, कारण यंत्राने बापाला 'बोटांनी सतार वाजवल्यागत साचा चालवताना' दाखवलं होतं आणि काकूंचा संताप झाला होता.

मारबत

इथे या प्रकरणाचं खरं वळण आहे, आणि ते यंत्राच्या एका साफ चुकीमुळे आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबती निघतात. काळी आणि पिवळी, दोन प्रचंड पुतळे, इतवारीच्या गल्ल्यांतून. काळीचा संबंध लोक नागपूरच्या भोसले घराण्यातल्या राणी बाकाबाईशी जोडतात. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचे पुतळे: कधी महागाईचा, कधी रोगाचा, कधी पुढाऱ्याचा. "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सगळी पीडा गावाबाहेर नेऊन जाळायची. १९७२ साली महागाईचा बडगा असणारच, असा काकूंचा अंदाज, पण खात्री नव्हती म्हणून त्यांनी तो कथेत घेतला नाही. या बाबतीत त्या यंत्रापेक्षा कडक निघाल्या.

मिरवणुकीचा प्रसंग त्यांना जमत नव्हता. म्हणून मे महिन्यात सोडलेली वाट एकदाच पुन्हा धरली: "वही वाच आणि हा प्रसंग तू लिहून दाखव, मला फक्त बघायचं आहे." आलेल्या मजकुरात बाप, मुलगी, भाऊ आणि माय, चौघं गर्दीत उभे होते. माय पदर खोचून सर्वांत मोठ्याने ओरडत होती.

काकूंनी मला रात्री साडेनऊला फोन केला. "माय गेली नाही कधी," म्हणाल्या. "एकदाही नाही. त्या दिवशी ती दार लावून बसायची. मारबत आमच्या गल्लीत येत पण नव्हती, तरी."

"का?" मी विचारलं.

बराच वेळ पलीकडून कूलरचा आवाज येत राहिला. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी विचारलंच नाही तिला."

पुढचे नऊ दिवस त्यांनी सहायक उघडला नाही. वापरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर, हाताने, सव्वीस पानं लिहिली. बंद दाराच्या आतून ऐकू येणारी मारबत. मुलगी बापाच्या खांद्यावर बसून परत येते, तेव्हा दाराची कडी आतून लागलेली, आणि माय ती लवकर काढत नाही. कथेचा गाभा तो. मारबत जवळजवळ दिसतच नाही.

आता याचं श्रेय यंत्राला द्यायचं का? शनिवारच्या बैठकीत एकाचं म्हणणं पडलं की द्यावं, ते नसतं तर हे निघालंच नसतं. मला तसं वाटत नाही, पण पूर्ण नाकारताही येत नाही. मायच्या जागी काकूंनी काहीच लिहिलं नव्हतं. वहीत मायचं बोलणं होतं, वागणं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत यंत्राने सर्वसाधारण माय उभी केली, जशी आधी मुंबई उभी केली होती. फरक इतकाच की या वेळी रिकामी जागा काकूंच्या स्वतःच्या डोक्यातही होती.

कापणं, कळवणं

टंकलेखन करून मजकूर ६,४०० शब्दांचा झाला. अंकाची मर्यादा ४,५००. कापाकापीसाठी सहायक चांगला असेल असं मला वाटलं होतं, कारण त्याला कशाचा मोह नसतो. त्याने सुचवलेल्या कापांमध्ये पहिला काप कडी उशिरा निघण्याचा होता. कारण दिलं होतं, 'या प्रसंगाने कथानक पुढे सरकत नाही.' मिलच्या भोंग्याचं दीड पानाचं वर्णन मात्र 'वातावरणनिर्मिती' म्हणून राखलं होतं. काकूंनी नेमकं उलट केलं. भोंगा दोन ओळींत आटोपला. शेवटचं पान, ज्यात मुलगी मोठी होऊन सगळ्याचा अर्थ लावते, ते त्यांनी स्वतःहून फाडलं. या दोन कापांवर आमचा वाद झाला नाही. मधल्या एका पानावर झाला, आणि त्यात मी हरलो.

जिथे यंत्राचा निखळ उपयोग झाला ती कामं रुक्ष आहेत: एकच प्रसंग दोनदा सांगितलाय का हे शोधणं, कोणत्या पानावर कोणती पाळी चालू आहे याची यादी, ऱ्हस्व-दीर्घ, हाताने लिहिलेल्या पानांचा टंकलेला मजकूर तपासणं. यात त्याने काकूंचे निदान दोन आठवडे वाचवले. पाळीची चूक त्याने पकडली ती आम्हा दोघांच्या नजरेतून सुटलेली होती.

एक सावधगिरी आधीच घ्यायला हवी होती, ती उशिरा घेतली. सुरुवातीला काकूंनी नातेवाइकांची खरी नावं, वडिलांच्या नोकरीच्या कागदांवरचा तपशील, सगळं त्यात घातलं होतं. आपलं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ नये अशी निवड बऱ्याच सहायकांच्या सेटिंगमध्ये करता येते. ती पहिल्या दिवशी बघायची गोष्ट आहे, आम्ही ती जूनमध्ये पाहिली आणि नावं बदलली.

मग कर्तृत्वाचा प्रश्न. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार केलेल्या साहित्यकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. ती १९९४ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे असे सहायक स्वप्नातही नव्हते तेव्हा. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय मात्र मानवी कर्तृत्वाचा आग्रह धरतं, आणि अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वतःच पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर पुस्तक टाकताना मजकूर एआयने लिहिला असेल तर तसं कळवावं लागतं. केवळ तपासायला किंवा सुधारायला मदत घेतली असेल तर नाही. काकूंना यातलं काहीच लागू नव्हतं, पण न सांगता पाठवणं त्यांना पटेना. त्यांनी संपादकांना फोन करून सांगितलं की मजकूर माझा आहे, तपासायला एआय वापरलं. संपादकांनी विचारलं, "शब्द किती?"

कथा २९ जुलैला गेली, ४,४६० शब्दांची. उत्तर अजून यायचं आहे. दरम्यान काकूंनी दुसरी कथा सुरू केली आहे, पोस्टातली, आणि वही तीच पुढे चालवली आहे. कारण त्यातही माय आहे, म्हातारी झालेली. त्या कथेत सहायकाने दोनदा मायच्या बंद दाराला कारण शोधून दिलं: एकदा वैधव्य, एकदा लहानपणी गर्दीत हरवलेली बहीण. काल मी गेलो तेव्हा वहीत एक नवी ओळ होती, 'खोकत नाहीत'च्या खाली, पुन्हा लाल शाईने:

"मारबतीच्या दिवशी माय दार लावून बसते. का ते लिहायचं नाही."